बेटावरची गाडी

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी बहरीनमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असेल, तर विकणारा सगळ्यात आधी काय सांगतो ते तुम्हाला ठाऊक असेल. ‘फार कमी चालली आहे.’ मलाही त्याने तेच सांगितलं. दोन सीटची माझदा एमएक्स-५, २०१६ची, आणि आकडा ३८,००० किलोमीटर. मित्रांनी अभिनंदन केलं. सलमाबादच्या गॅरेजमधल्या मेस्त्रीने मात्र आकडा पाहून मान हलवली. मला ही गाडी घेऊन दुबईला जायचं होतं, म्हणजे एका दिशेला साडेआठशेच्या आसपास किलोमीटर. तो म्हणाला, ‘साहेब, ही गाडी कधी लांब गेलेलीच नाही. आधी तिला लांब जायला शिकवा.’

त्याचं म्हणणं मला पटायला थोडा वेळ लागला. ते नीट समजून घ्यायचं तर या बेटाच्या इतिहासात जावं लागतं.

बहरीनचं मुख्य बेट उत्तर-दक्षिण साधारण ५० किलोमीटर आणि रुंदीला १६-१७ किलोमीटर. १९३२ मध्ये इथे तेल लागलं, आखाताच्या अरब बाजूला सगळ्यात पहिलं. पैसा आला, डांबरी रस्ते आले, मोटारी आल्या. पण मोटारीला जायला जागा कुठे होती? मनामा आणि शेजारचं मुहर्रक बेट यांना जोडणारा रस्ता १९४२ मध्ये सुरू झाला. तोवर तेवढ्या अंतरालाही होडीच लागायची. १९६७ पर्यंत इथली वाहनं आपल्याकडच्यासारखी डाव्या बाजूने चालत. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती उजवीकडे आली, कारण आजूबाजूचे देश उजवीकडून चालवत होते. गंमत म्हणजे त्या शेजाऱ्यांपर्यंत जाणारा रस्ता अजून १९ वर्षं लांब होता.

मग बहरीनच्या माणसाचा ‘लांबचा प्रवास’ कोणता होता? तो समुद्राचा होता, आणि त्याचं दुसरं टोक बहुतेक वेळा मुंबई हे असायचं. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे. गलबतांसाठी सागवान हिंदुस्थानातून यायचं. व्यवहार रुपयात चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६५ मध्ये बहरीनचा दिनार आला, तोही दहा रुपयांना एक या दराने. मोत्यांच्या मोसमाआधी गलबतं किनाऱ्यावर ओढून घेत, फळ्यांमधल्या फटी कापूस आणि तेलाने बुजवत, लाकडाला माशाचं तेल चोपडत. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांची डागडुजी चालते, तीच ही रीत. सबंध पावसाळा किनाऱ्यावर पडून राहिलेली होडी तशीच्या तशी पाण्यात ढकलायची नसते, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मला मात्र मेस्त्रीने सांगावं लागलं.

पुढे विमानं आली. १९३२ मध्येच इंपीरियल एअरवेजच्या लंडन-कराची मार्गावर बहरीन हा थांबा झाला. १९४५ मध्ये सौदीचं तेल समुद्राखालच्या नळातून इथल्या रिफायनरीत यायला लागलं. आणि २१ जानेवारी १९७६ रोजी ब्रिटिश एअरवेजचं काँकॉर्ड पहिल्या नियमित उड्डाणाला निघालं, ते लंडनहून बहरीनला. म्हणजे बघा, १९७६ साली इथल्या माणसाला चार तासांच्या आसपास लंडन गाठता येत होतं, पण समोर जवळजवळ दिसणाऱ्या सौदी किनाऱ्यावर स्वतःची गाडी चालवत जाता येत नव्हतं.

माझे वडील १९७९ मध्ये रत्नागिरीहून इथे आले आणि १९८५ पर्यंत कंपनीचा पिकअप चालवत होते. सहा वर्षांत गाडीत तिसऱ्या गिअरच्या वर फारसं जावं लागलं नाही, असं ते अजून हसून सांगतात. त्यांच्याच काळात समुद्रात पुलाचं काम चाललं होतं. सौदी आणि बहरीन यांचा करार १९८१चा, कोनशिला १९८२ची. सुट्टीच्या दिवशी ते मित्रांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर जाऊन ते काम बघत बसायचे. कंत्राट संपलं आणि ते परत गेले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, २५ किलोमीटर लांबीचा किंग फहद कॉजवे सुरू झाला. बाबांनी तो पुरा झालेला कधी पाहिला नाही.

आता परत त्या मेस्त्रीकडे येऊ. कॉजवे होऊन चाळीस वर्षं होत आली, तरी इथल्या बहुतेक गाड्या बेटावरच्याच राहतात. घर, ऑफिस, मॉल, परत घर. त्यामुळे आकडा कमी राहतो, पण रबर, तेल आणि प्लास्टिक यांचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत. ते उन्हावर आणि वर्षांवर मोजतात. म्हणून तुम्ही अशी गाडी घेतलीत तर आकडा बाजूला ठेवा आणि पुढच्या गोष्टी बघा.

आधी टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३१६ होतं, म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी जवळजवळ नवी, पण बाजूला केसासारख्या चिरा. चारही बदलले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. इथल्या उन्हात बॅटरी दोन-तीन वर्षांतच थकते. रेडिएटर आणि एसीच्या जाळीत बसलेली वाळू हलक्या पाण्याने धुवून काढा. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. खारी हवा आणि खारी जमीन यांनी ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या असू शकतात.

स्पोर्ट्स कार असल्यामुळे आणखी एक तपासणी. २००४ मध्ये सखीरला बहरीन इंटरनॅशनल सर्किट झालं आणि मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत तिथे भरली. हौशी लोकांनाही तिथे आपली गाडी पळवता येते. म्हणजे ३८,००० पैकी काही किलोमीटर फार कष्टाचे असू शकतात. क्लच आणि ब्रेकच्या डिस्क त्या नजरेने पाहून घ्या.

हे सगळं करूनही मेस्त्री म्हणाला, आता सलग तासभर शंभरच्या वेगाने चालवून आणा. तेव्हा लक्षात आलं की या बेटावर सलग तासभर एका दिशेने जाताच येत नाही. मी पहाटे निघून दक्षिणेला दुर्रत अल बहरीनपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. घरी येऊन गाडी थंड झाल्यावर बॉनेट उघडलं, तर कूलंटची पातळी उतरलेली आणि एका होजच्या टोकाशी पांढरट ओघळ. दहा वर्षं रोज वीस मिनिटं चालताना त्या होजने कधी तक्रार केली नव्हती. हुफूफ सोडल्यावर अमिरातीच्या सीमेपर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तिथे झालं असतं तर काय, ते सांगायला नको. सगळे होज बदलले.

बाबांना फोनवर हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘स्टेपनी बघितलीस का?’ या गाडीला स्टेपनीच नाही. पंक्चर भरायची बाटली आणि छोटा पंप, एवढंच. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात झाली. इंग्रज तो शब्द विसरले, आपण अजून वापरतो. बाटलीचं ऐकून बाबा म्हणाले, ‘मग टायर फाटला तर काय ओतणार?’ बरोबर होतं. त्या मापाचं जुनं चाक शोधून ते सीटच्या मागे जाईना, म्हणून बायकोची बॅग अर्धी केली आणि चाक डिकीत घातलं. त्याबद्दल मला दुबईपर्यंत ऐकावं लागलं.

कागदपत्रांची तयारीही गाडीइतकीच करा. गाडी स्वतःच्या नावावर हवी, नाहीतर मालकाचं अधिकारपत्र. सौदीसाठी वेगळा विमा. सीपीआरची मुदत तपासा. आखातात राहणाऱ्या सगळ्या व्यवसायांच्या लोकांना सौदीचा पर्यटन व्हिसा ऑनलाइन मागता येऊ लागला तो २०२३ पासून. त्याआधी व्हिसावरचा व्यवसाय बघत. बाबांच्या व्हिसावर ‘ड्रायव्हर’ होतं. पूल वेळेत झाला असता तरी त्यांना तो ओलांडता आला असता का, याचा विचार मी तो फॉर्म भरताना पहिल्यांदा केला. रस्ता बांधून झाला म्हणजे तो सगळ्यांसाठी उघडला असं होत नाही.

डिसेंबरमधल्या एका पहाटे आम्ही निघालो. पुलाच्या मधल्या बेटावर, शिक्क्यांच्या रांगेत, मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेकडे धरला. दोन्ही बाजूंना पाणी, पुढे सौदीकडचा रस्ता. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, ‘टेंपरेचर किती दाखवतंय?’

काटा मध्यावर होता. तसं सांगितलं. ‘मग जा,’ म्हणाले.