तापलेली गाडी

गेल्या आठवड्यात पुतण्याचा जुना पाण्याचा टँकर आमच्या चांदीपच्या घरासमोरच तापून उभा राहिला. पाठीवर हजारो लिटर पाणी आणि बॉनेटमधून वाफ! ड्रायव्हर पोरगा उतरला, गमछा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला. मी ओट्यावरून असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. (शाळा सुटून बरीच वर्षं झाली, आवाज मात्र शिल्लक आहे.)

का ओरडलो ते सांगायला साठ वर्षं मागे जावं लागेल.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. समोरच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी असे. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली. आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, अशाच एका ट्रकवर ड्रायव्हर होते.

त्या चांदणीचं आणि रेडिएटरचं नातं जुनंच. पहिल्या मोटारींत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जाई, सारखं भरत राहावं लागे. १९०० च्या सुमारास डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर काढला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी, मागे पंखा. लागणारं पाणी अठरा लिटरवरून नऊवर आलं. ती गाडी म्हणजे पहिली मर्सिडीज.

पण बोरघाटाला मायबाख ठाऊक नव्हता. १९६४ च्या मे महिन्यात सुट्टी म्हणून मी दादांबरोबर पुण्याला निघालो होतो. खोपोलीला पाणी बघून घेतलं, तरी शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे काटा लाल रेघेवर गेला. पंख्याचा पट्टा सैल पडला होता. दादा म्हणाले, "आता तासभर कुणी हात लावायचा नाही." क्लीनर माझ्याच वयाचा, तेरा-चौदाचा. मागे मालकाच्या शिव्या खाल्लेला. उशीर होईल म्हणून त्याने दादांची पाठ वळताच झाकण फिरवलं. दादांनी त्याला खेचलं, आणि उसळलेलं पाणी दादांच्या डाव्या हातावर आलं, कोपरापर्यंत. दवाखान्याचे पैसे मालकाने पगारातून कापले.

झाकणाची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. दाबाखालचं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून वर येतं. हे मला शाळेत पुढे विज्ञानाच्या तासाला कळलं, प्रेशर कुकरच्या चित्रासकट. दादांना चौथीपर्यंतच्या शिक्षणावर आधीच माहीत होतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ओतीव लोखंडाचं हेड तडकतं, हेही. रेडिएटर बारीक गळू लागला तर ते त्यात चमचाभर हळद टाकत, मुक्कामापर्यंत निभावे. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायच्या आधी धुण्याचा सोडा घालून रेडिएटर धुणं हा त्यांचा नेम. आमची आई म्हणे, देवाआधी याचं डबडं!

दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हातावरचा पांढुरका डाग शेवटपर्यंत होता, आणि तो क्लीनर पुढे स्वतः ड्रायव्हर झाल्यावर दर दिवाळीला घरी येत असे.

असो. परवाच्या पोराला मी ओट्यावर बसवून चहा पाजला. तासाभराने झाकण अर्धं फिरवून वाफ जाऊ दिली, इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पुतण्याने रेडिएटर खोलून घेतला. दोन वर्षं त्यात बोअरिंगचं जड पाणीच भरलं जात होतं; निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. मिस्त्रीने टाक्या उघडून एकेका नळीतून सळई फिरवली, पुन्हा डाख दिला, नवं झाकण बसवलं. पुतण्याने फोटो पाठवलाय. क्षाराचा ढीग चांगला मूठभर आहे.