कुलकर्णी मावतात, देशपांडे नाही

कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत लिहिलं की बरोबर आठ अक्षरं भरतात. देशपांडे लिहिलं की नऊ. आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालणारी ‘प्रॉफ्स’ ही ऑफिसातल्या पत्रव्यवहाराची यंत्रणा १९८१ मध्ये बाजारात आली. तिच्यात माणसाची ओळख आठ अक्षरांत उरकावी लागे. त्यामुळे आमच्या परदेशी भागीदार कंपनीच्या यादीत कुलकर्णी अखंड होते आणि देशपांडेंचा शेवटचा ‘ई’ कापलेला होता. चांदोरकर, धर्माधिकारी, सहस्रबुद्धे यांची काय दशा असेल ते तुम्हीच ठरवा.

नव्वदच्या दशकात मी मुंबईतल्या एका कारखानदारी कंपनीच्या ईडीपी, म्हणजे संगणक, खात्यात होते. फोर्टमधल्या हेड ऑफिसात ‘सीसी:मेल’ होतं, चिंचवडच्या कारखान्यात ‘मायक्रोसॉफ्ट मेल’ आणि समुद्रापलीकडच्या भागीदाराकडे प्रॉफ्स. तिन्ही आपापल्या घरात उत्तम चालायची. मधल्या गेटवेमुळे पत्रं इकडून तिकडे जायचीही. माझ्याकडे काम होतं ते तिन्ही ठिकाणच्या नावांच्या याद्या एकसारख्या ठेवण्याचं. माझ्या हुद्द्यात मेल हा शब्दही नव्हता. पत्र पोचवणं हे तंत्रज्ञांनी फार लवकर सोडवलेलं कोडं आहे. ‘हा माणूस नक्की कोण आणि त्याच्या नावाची खरी नोंद कोणाच्या वहीत’ हे कोडं मात्र कुठल्याही मानकाला पुरतं सुटलं नाही, असं माझं मत आहे. त्यात तंत्रापेक्षा माणसांचे हट्टच जास्त आहेत.

संगणकांच्या जाळ्यांच्या सुरुवातीच्या काळात हे काम एका बाईंनी सांभाळलं. इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेटचं माहिती केंद्र कॅलिफोर्नियात, मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत होतं आणि १९७२ पासून १९८९ पर्यंत त्याची सूत्रं एलिझाबेथ फाइन्लर यांच्या हाती होती. मंडळी त्यांना ‘जेक’ म्हणत. नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची यादी एका साध्या फाइलमध्ये असे. नवं यंत्र जोडायचं तर या केंद्राला कळवायचं, ते नोंद करणार आणि बाकीच्यांनी ती फाइल तिथून उतरवून घ्यायची. माणसांसाठी वेगळी डायरेक्टरी होती, टेलिफोन डायरेक्टरीसारखी छापलेली. १९८२ मध्ये ‘हूइज’ नावाची सेवा लिहून काढली गेली, म्हणजे नाव टाईप केलं की पत्ता मिळे. ही व्यवस्था चालली, कारण सगळ्यांचा एकाच वहीवर आणि ती राखणाऱ्यांवर विश्वास होता. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत मांडली आणि प्रत्येक संस्थेने आपली नावं आपण सांभाळायची असं ठरलं. पण सुटला तो यंत्रांच्या नावांचा प्रश्न. माणसांच्या यादीला वालीच उरला नाही.

दुसरीकडे युनिक्सवाल्यांचा संसार होता. बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या यूयूसीपीत यंत्रं एकमेकांना फोन लावून पत्रं पुढे ढकलत. तिथला पत्ता म्हणजे अख्खा रस्ताच असे, प्रत्येक थांब्यामागे उद्गारचिन्ह. मुंबईला तर यात फार मानाचं स्थान आहे. जुहूचं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास डायल-अपवर पत्रं जाऊ लागली. डॉ. एस. रमणी तेव्हा एनसीएसटीचे संचालक होते. अर्नेट हे शैक्षणिक जाळं तिथूनच पसरत गेलं. पुढे जुहूहून अमेरिकेतल्या यूयूनेट या जाळ्यापर्यंत ९,६०० बिट प्रति सेकंदाची लाइन आली. आज एखादा फोटोसुद्धा त्या वेगाने पाठवायचा धीर कोणाला होणार नाही. एनसीएसटीच्या यंत्राचं नाव होतं ‘शक्ती’, दिल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या यंत्राचं ‘विक्रम’, बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या यंत्राचं ‘विज्ञान’. अमेरिकेतून जुहूच्या जोशींना लिहायचं तर पत्ता ‘यूयूनेट!शक्ती!जोशी’ अशा वळणाचा.

गोंधळ झाला तो यूयूसीपीची उद्गारचिन्हाची आणि अर्पानेटची ‘@’ची, या दोन्ही पद्धती एकाच पत्त्यात शिरल्यावर. आधी उद्गारचिन्हाने जोडलेली दोन नावं आणि शेवटी ‘@’ लावून तिसरं, असा पत्ता आला तर पत्र पहिल्यांदा कोणाकडे न्यायचं? यूयूसीपीवाले म्हणत डावीकडून सुरुवात करा, अर्पानेटवाले म्हणत आधी ‘@’च्या उजवीकडे बघा. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या ‘सेंडमेल’ची ती कुप्रसिद्ध नियमावली अशाच भांडणांतून जन्मली. त्या नियमांच्या फाइलीवर मांजर कीबोर्डवरून चालून गेल्याचा विनोद जगभर होत असे. मी ती फाइल पाहिली आहे. विनोद फारसा अतिशयोक्त नव्हता.

ब्रिटिशांची तऱ्हाच निराळी. त्यांच्या जॅनेट या विद्यापीठीय जाळ्यात पत्ता उलटा लिहीत, आधी देश, मग संस्था, शेवटी विभाग. आता संगणकशास्त्र विभागाचं आखूड नाव सर्वत्र ‘सीएस’. ते पत्त्याच्या शेवटी येई. पुढे चेकोस्लोवाकियाला जे देशचिन्ह मिळालं तेही ‘सीएस’च. बाकीचं जग पत्त्याच्या शेवटी देश वाचे, त्यामुळे लंडनमधल्या प्राध्यापकाचं पत्र प्रागच्या दिशेने निघण्याची सोय झाली.

या सगळ्या गावठी कारभाराला जिनिव्हातल्या सीसीआयटीटीने, म्हणजे जगभरच्या टेलिफोन खात्यांच्या संघटनेने, १९८४ मध्ये शिस्तबद्ध उत्तर दिलं. ते म्हणजे एक्स.४००. पत्त्याचे कप्पे ठरलेले: देश, सार्वजनिक सेवा चालवणारी संस्था, खाजगी जाळं, कंपनी, विभाग, आडनाव, नाव. आपल्याकडे व्हीएसएनएलची ‘जेम्स-४००’ ही सेवा याच घराण्यातली. सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी अशा सेवांवर बऱ्याच मोठ्या कंपन्यांची भिस्त होती. एक्स.४०० चा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापायला घेतला तर दोन-तीन ओळी खाई आणि फोनवर सांगायला घेतला तर समोरचा म्हणे, “फॅक्सच करा ना.”

इथे मला श्रीराम भिकाजी वेलणकर हटकून आठवतात. संस्कृतात लिहिणारा हा मराठी माणूस केंद्रात दळणवळण खात्यात अधिकारी होता. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला सहा आकडी पिनकोड ही त्यांची कल्पना. पिनकोड पत्र वाटपाच्या पोस्टापर्यंत नेतो आणि थांबतो. तिथून पुढे पोस्टमनला गल्ली ठाऊक असते. एक्स.४०० ला एकाच पत्त्यात रस्ताही सांगायचा होता आणि माणूसही. कंपनीने सेवा बदलली की माणूस त्याच खुर्चीत बसलेला असूनही त्याचा पत्ता बदले.

शिवाय आडनावाचा कप्पा होताच. माझे एक तमिळ सहकारी होते. त्यांच्या नावाआधी दोन आद्याक्षरं, एक गावाचं आणि एक वडिलांचं. आडनाव नाहीच. त्यांना आडनावाच्या रकान्यात कसं बसवायचं यावर आम्ही, चिंचवड आणि भागीदार अशी तीन वेगळी उत्तरं काढली होती. मग गेटवेच्या लेखी ते तीन वेगळे गृहस्थ झाले. बायकांचं तर विचारूच नका. माझं लग्न झालं तेव्हा सरकारी कागदांपेक्षा जास्त वेळ डायरेक्टऱ्यांना लागला. बहुतेक यंत्रणांत नाव बदलणं म्हणजे जुनी नोंद काढून नवी घालणं. जुनी नोंद एका यादीतून गेली, पण दुसरीत राहिली. काही काळ माहेरची मी आणि सासरची मी एकाच कंपनीत शेजारी-शेजारी नांदत होतो आणि माहेरच्या मीला आलेली पत्रं कोणालाच मिळत नव्हती.

या दुखण्यावर धंदा उभा राहिला. पेनसिल्व्हेनियात मायकेल झिस्मन यांनी १९७९ मध्ये ‘सॉफ्ट-स्विच’ ही कंपनी काढली. मेनफ्रेमवर मधोमध एक मध्यस्थ बसवायचा, प्रत्येक यंत्रणेतलं पत्र त्याने आपल्या भाषेत वाचायचं आणि पुढच्या यंत्रणेच्या भाषेत लिहून द्यायचं. त्याची खरी जिंदगी म्हणजे मधली डायरेक्टरी. एका माणसाला तिथे एक मुख्य नाव आणि प्रत्येक यंत्रणेपुरतं एकेक टोपणनाव. १९९४ मध्ये लोटसने ही कंपनी विकत घेतली. त्याआधी १९९१ मध्ये त्यांनी सीसी:मेल घेतलं होतं. १९९५ मध्ये आयबीएमने लोटसच गिळलं. आम्ही यादीतली नावं बदलत होतो तोवर याद्यांचे मालक बदलत होते.

आमच्याकडे मेनफ्रेमवरचा मध्यस्थ परवडणारा नव्हता. आमचा भर होता रात्रीच्या ‘डिरसिंक’वर, म्हणजे याद्या जुळवण्यावर. मायक्रोसॉफ्ट मेलमध्ये पत्त्याचे तीन तुकडे असत, नेटवर्क, पोस्ट ऑफिस आणि मेलबॉक्स, प्रत्येकी दहा अक्षरांपर्यंत. एका पोस्ट ऑफिसला डायरेक्टरीचा सर्व्हर नेमायचं, बाकीचे त्याच्याकडे मागणी करणारे. मग तीन वेळा लावायच्या, टी-वन, टी-टू, टी-थ्री. टी-वनला प्रत्येक पोस्ट ऑफिस आपल्याकडचे बदल सर्व्हरला पाठवतं. टी-टूला सर्व्हर सगळं एकत्र करून ज्याला जे हवं ते परत धाडतो. टी-थ्रीला प्रत्येकजण आपली यादी नव्याने बांधतो. या वेळांमध्ये अंतर किती ठेवायचं ही खरी कला. टेलिफोनची लाइन रात्री वेळेवर लागली नाही आणि बदल टी-टू उलटल्यावर पोचले, तर ते दुसऱ्या रात्रीपर्यंत तसेच पडून. सोमवारी रुजू झालेला इंजिनियर चिंचवडला बुधवारी दिसे. साहेब म्हणायचे, “माणूस कामाला लागला, पण कंपनीला अजून कळलेलं नाही.”

आणि यादी दुसऱ्याला द्यायलाच कोणी तयार नसे! आमच्या पर्सोनेलच्या साहेबांचं म्हणणं, अख्खी यादी भागीदाराला दिली तर ते आमची चांगली माणसं फोडतील. भागीदाराच्या बाजूलाही असाच कोणी साहेब असणार, कारण त्यांच्याकडून फक्त खरेदी आणि डिझाइन विभागांची नावं येत. दोन यंत्रणा जोडल्या गेल्या तरी दोन्ही याद्यांना चाळण्या लागलेल्या होत्या आणि त्या चाळण्या कुठल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने लावलेल्या नव्हत्या.

सगळ्या जगाची एकच डायरेक्टरी असावी हे स्वप्न पाहिलं एक्स.५०० ने, १९८८ साली. जगाचं एक झाड, देश ही फांदी, तिच्यावर संस्था, विभाग आणि पानावर माणूस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्टीव्ह किल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची ‘क्विपू’ ही आवृत्ती लिहिली. इंका लोक दोऱ्यांच्या गाठींत हिशेब ठेवत, त्यांवरून ते नाव. या प्रयोगातल्या सर्व्हरांना दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्यांची नावं देत. झाडाच्या मुळाशी बसलेल्या सर्व्हरचं नाव होतं ‘जायंट टॉर्टॉइज’. वेगाच्या बाबतीत नाव अन्वर्थक होतं असं तेव्हाचे वापरणारे सांगतात. किल यांनीच १९८६ पासून एक्स.४०० आणि इंटरनेटचे पत्ते एकमेकांत बदलण्याचे नियमही लिहिले होते. दोन्ही भाषा येणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

एक्स.५०० शी बोलायचं तर ओएसआय या अवजड मानकाचे सगळे थर हवेत आणि डेस्कवरच्या साध्या पीसीला ते पेलत नसत. मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउज यांनी मधला भार काढून सरळ इंटरनेटच्या टीसीपीवर बोलणारा हलका मार्ग काढला. वेंगयिक यिओंग, हाउज आणि किल यांच्या नावांनी जुलै १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोच एलडॅप. मुळात तो मोठ्या डायरेक्टरीत शिरायची खिडकी होता. थोड्याच वर्षांत लोकांनी मागची इमारत सोडून दिली आणि खिडकीच घर म्हणून वापरायला घेतली. १९९६ मध्ये नेटस्केपसह चाळीसेक कंपन्यांनी त्याला पाठिंबा जाहीर केला. २००० साली मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅक्टिव्ह डायरेक्टरी’ आली, तीही एलडॅप बोलणारी. प्रत्येक कंपनीत झाड उगवलं, पण एकाची मुळं दुसऱ्याच्या अंगणात गेली नाहीत. जगाची एक डायरेक्टरी कधी झालीच नाही. अनोळखी माणसाचा मेल आयडी हवा तर आजही कोणाला तरी फोन करून विचारावा लागतो.

मायक्रोसॉफ्ट मेलच्या जागी १९९६ मध्ये आलेल्या एक्स्चेंजने मात्र आतला सांगाडा त्या जुन्या घराण्याकडूनच घेतला. प्रत्येक मेलबॉक्सला इंटरनेटच्या पत्त्याबरोबर एक्स.४०० चा पत्ता आपोआप मिळे आणि आत एक्स.५०० च्या धर्तीचं लांबलचक नाव. ते आतलं नाव अजून गेलेलं नाही. हिंजवडीत माझी भाची हेच काम करते. नोकरी सोडून गेलेला एकजण परत रुजू झाला, त्याचा मेल आयडी अक्षरशः तोच दिला, तरी जुन्या सहकाऱ्यांची पत्रं परत येत होती. परत येणाऱ्या पत्रावर ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारी अगम्य ओळ. आउटलुकने पत्ता सुचवताना इंटरनेटचा आयडी नव्हे, तर ते जुनं आतलं नाव लक्षात ठेवलेलं होतं आणि नव्या मेलबॉक्सचं आतलं नाव वेगळं होतं. मी फोनवर सांगितलं, जुनं नाव उचल, त्यातली चिन्हं सरळ कर, नव्या मेलबॉक्सला जादा पत्ता म्हणून जोड आणि प्रकाराच्या रकान्यात ‘एक्स५००’ लिही. पत्रं सुरू झाली. आता पुढच्या आठवड्यात तिच्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या दोघीजणींचे अर्ज आहेत.