युरेका : अवकाशातून परत आणलेला उपग्रह

उपग्रह एकदा वर गेला की परत येत नाही. काम संपल्यावर तो वातावरणात जळतो, नाहीतर कचरा होऊन फिरत राहतो. मग तोच खाली आणून पुन्हा वापरला तर?

युरोपियन स्पेस एजन्सीने ‘युरेका’मधून हेच करून पाहिलं. सुमारे साडेचार टनांचा हा उपग्रह पाच वेळा उडेल, अशा बेताने बांधला होता. ३१ जुलै १९९२ रोजी अटलांटिस या स्पेस शटलमधून तो निघाला आणि १ जुलै १९९३ रोजी एंडेव्हरमधून परतला.

त्याची रचना वेगळी का होती?

• कक्षा वर-खाली करायला स्वतःचे थ्रस्टर.
• शटलच्या यांत्रिक हाताला पकडता येईल अशी खुंटी.
• मिटणारी सौरपंखं आणि अँटेना.

तरी परतताना अँटेना नीट बसल्या नाहीत. अंतराळवीरांनी बाहेर जाऊन त्या हाताने ढकलून बसवल्या.

पुढे काय झालं? युरेका पुन्हा उडालाच नाही. एका मोहिमेसाठी शटलच्या दोन फेऱ्या लागत आणि त्या महागड्या होत्या. आज तो स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नच्या संग्रहालयात आहे.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच खाली येणारं यान. इस्रोची ५५० किलोची एसआरई-१ कुपी जानेवारी २००७ मध्ये १२ दिवस कक्षेत राहून, पॅराशूटच्या मदतीने बंगालच्या उपसागरात उतरली.

थोडक्यात, उपग्रह टिकाऊ असून भागत नाही. त्याला आणण्याचा खर्चही परवडला पाहिजे.