टिकल्यांच्या पिस्तुलाची कुळकथा

दिवाळीत ज्या टिकल्यांच्या गुंडाळीने आपली मुले ओसरीभर धूर करतात, तिचा मूळ पुरुष खेळण्यांच्या दुकानात नव्हे तर लष्करी शस्त्रागारात सापडतो, हे जुनी बिडाची खेळण्यातली पिस्तुले जमवू लागेपर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिले. 'टिकली' मात्र आपल्या घरातली.

चकमकीच्या बंदुकीत कानातले रंजक आधी भडके, बार मागून होई, आणि तेवढ्या अवकाशात पाखरे सावध होऊन उडत. म्हणून अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याची युक्ती काढून १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे तांब्याची टोपी आली, पण ती दर बाराला बोटांनी बसवावी लागे. तेव्हा वॉशिंग्टनचे दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी १८४५ साली कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये स्फोटकाचे ठिपके ओळीने बसवून, वर रोगण देऊन गुंडाळी केली आणि घोडा चढवताच नवा ठिपका पुढे सरकेल अशी तजवीज केली. अमेरिकी लष्कराने १८५५च्या नमुन्यात ती दाखल करून घेतली. परंतु दमट हवेत ती दगा देई, म्हणून १८६१च्या नमुन्यातून ती खारीज झाली.

लष्कराने बडतर्फ केलेली ही गुंडाळी खेळण्यात मात्र कायमची नांदली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या दशकांत कनेक्टिकटमधील क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स यांच्यासारखे कारखाने वाळूच्या साच्यांत पिस्तुलाची दोन दले ओतून, मध्ये घोडा व कमान बसवून ती रिव्हेटने जोडू लागले.

या पिस्तुलांचा खरा शत्रू त्यांच्या बारातच असतो. टिकलीत तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट असते. बार झाल्यावर उरणारा क्लोराइड हा मिठाचा सख्खा भाऊ, हवेतली ओल ओढून लोखंड खातो. प्रथम मी नुसते तेल पाजीत असे आणि दर पावसाळ्यात गंज नव्याने फुले, कारण हा क्षार तेलात विरघळत नाही. आता कोमट पाण्याच्या बोळ्याने खोबण पुसतो, तत्काळ कोरडी करतो, मगच तेलाचा पातळ हात देतो. काचकागद मात्र वर्ज्य. त्याने गंजाबरोबर निकेलचा मुलामाही जातो.

परवा एका पिस्तुलाच्या घोड्याखालून, चौथ्या बोळ्याबरोबर, नखाएवढीही नसेल अशी जळक्या कागदाची चिंधी निघाली. ती पुडीत बांधून त्या पिस्तुलाच्याच पेटीत ठेवली आहे.