रस्ता आमच्या दारातून, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती

डहाणू-तलासरीच्या आदिवासी माणसाने मोठं यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते ओझं वाहता वाहता. १८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. वाणगाव, डहाणू रोड, घोलवड असा तिचा मार्ग किनाऱ्याच्या बाजूने गेला. आमच्या वारली, कोकणा, धोडिया लोकांचे पाडे रुळांच्या पूर्वेला, डोंगराकडे. जंगलातलं लाकूड आणि माळावरचं गवत खाली उतरायचं, तिथून मुंबईला जायचं. तोडणारे, कापणारे, गाडीत भरणारे हात आमचे होते. जमीनदार आणि जंगल ठेकेदार सांगतील ती मजुरी, बऱ्याचदा नुसती वेठ.

मे १९४५ मध्ये झरी गावात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठीला नकार दिला गेला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या लढ्यातली एक मागणी मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ते गवत कुणाच्या गाडीने, कुठे, किती भावाने गेलं, हे कापणाऱ्याला कुणी सांगत नव्हतं.

मी तलासरी तालुक्यातल्या शाळेत शिकवते. वर्गातली मुलं, आणि मुलीही, घरच्या मोबाइलवर बस चालवतात, ट्रक चालवतात, पोकलेनने माती उकरतात. पालकसभेत यावर तक्रार येते, की पोरं मोबाइलमध्ये वाया चालली. मला या खेळामागे फार जुनी ओढ दिसते. ती समजून घ्यायची तर मोबाइलच्या आधीच्या खेळांकडे जावं लागतं.

आमच्या लहानपणी ताडफळाचे गोळे काढून उरलेल्या गोल कवट्या चाकं व्हायच्या. दोन कवट्यांत काठी आरपार घातली की आस तयार. झिजलेल्या रबरी चपलेची चाकं कापून त्यावर बांबूची ट्रॉली बसवली की ट्रक. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत रंगीत ट्रक विकायला असत, पण पैसे हातात नसले की पाहून यायचं आणि घरी तसाच बनवायचा. आवाज तोंडाने काढायचा. गिअर बदलताना तो कसा उतरतो, चढावर कसा घोगरा होतो, ते आम्हाला नेमकं येत होतं, कारण मुंबई-अहमदाबाद महामार्ग शेजारून जात होता.

माझे बाबा गवताच्या गाठी ट्रकमध्ये भरायचे. टाटा-मर्सिडीज येतेय की बेडफर्ड, हे ते वळणाआधीच ओळखत. मेंढवण खिंडीत भरलेली गाडी कुठल्या गिअरमध्ये उतरवावी, कुठली गाठ कुठे ठेवली तर गाडी कलणार नाही, हे त्यांना ड्रायव्हरइतकं ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी गाड्या भरल्या. स्टिअरिंगमागे ते एकदाही बसले नाहीत.

ज्याला यंत्र चालवायला मिळत नाही, तो ते चितारतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे १९७० च्या दशकात लग्नाच्या चौकातली वारली चित्रकला कागदावर घेऊन आले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मागून आलेल्या चित्रकारांच्या कामात तारपा नाच आणि भातलावणीच्या शेजारी आगगाडी, बस, विमानही दिसू लागलं. त्या चित्रांत खिडकीखिडकीला माणसं असतात. आपल्या जगातून धडधडत जाणारी वस्तू चित्रकाराने आपल्या रेषेत आणली, आपल्या मापाची केली. हा मला आमच्या भागातला यंत्रावरचा पहिला हक्क वाटतो.

यंत्राची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरचा जन्मही, यंत्र हाती न मिळण्याच्या अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाला विमान शिकायचं होतं, आणि धडे परवडत नव्हते. वडिलांच्या कारखान्यात ऑर्गन आणि पियानो बनत. तिथले हवेचे भाते वापरून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हलणारं, झुकणारं विमान तयार केलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने ते विकत घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले. पुढे संगणक आले. १९९० च्या दशकात जपानमध्ये आगगाडी फलाटावर अचूक थांबवण्याचा ‘डेन्शा दे गो’ हा खेळ आला, २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर, २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा शेतीचा खेळ, २०१२ मध्ये प्राग शहरातल्या एससीएस कंपनीचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. या खेळांत बंदुका नाहीत, शत्रू नाही. माल वेळेत, न सांडता, न ठोकता पोहोचवायचा, एवढंच.

आमच्या पाड्यांवर पोहोचला तो २०१७ चा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. स्वस्त मोबाइलवर चालतो, आणि बसचा रंग आपल्याला हवा तसा बदलता येतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या हौशी पोरांनी त्यात एसटीची लाल परी उतरवली. इंडोनेशियातही वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात. रस्त्याकडेला माड, कौलारू घरं, टपऱ्या, मध्येच घुसणाऱ्या मोटारसायकली. माझ्या विद्यार्थ्यांना तो रस्ता परका वाटतच नाही. त्यावरून ते तलासरी ते डहाणू अशी पाटी लावून गाडी नेतात.

मी एका मुलाला विचारलं, यात मजा कसली? तो म्हणाला, “बाई, भरलेल्या गाडीला ब्रेक आधीपासून लावायला लागतो. मग बरोबर थांबली ना, की बरं वाटतं.” गणितात मागे पडणाऱ्या या मुलाला वजन, वेग आणि अंतर यांचं नातं बोटांत समजलं होतं. या खेळांचं आकर्षण मला तिथे सापडलं. जड वस्तू हळू हलते, सूचना पाळते, चूक केली की लगेच दाखवते, आणि तुमचं गाव, जात, मार्क विचारत नाही. पोकलेनच्या दोन दांड्यांपैकी डावी फिरवते आणि हात लांब-आखूड करते, उजवी बूम उचलते आणि बादली वळवते. चारही हालचाली एकाच वेळी जुळल्या की माती अलगद उचलली जाते. हे कौशल्य आहे, आणि ते कमावल्याचा आनंद बारा वर्षांच्या मुलालाही पुरेपूर कळतो.

आज आमच्याभोवती अशा यंत्रांची दाटी आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा शिळफाटा ते झरोळी हा १३५ किलोमीटरचा टप्पा ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतून जातो. डहाणू तालुक्यात साखरे इथे चाळीस मीटर लांबीचे, सुमारे ९७० टनांचे गर्डर अखंड उचलून खांबांवर बसवले जात आहेत. त्यासाठी इथल्या लोकांच्या जमिनी गेल्या. मुलं ते काम रस्त्यावरून बघतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो: केबिनमध्ये कोण बसतं? आमच्या पाड्यावरून कामाला गेलेली माणसं बहुतेक घमेली आणि फावडी घेऊन गेली, हे मी पाहिलं आहे.

दारं आपोआप उघडत नाहीत. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला आठवी पास असण्याची अट होती. माझा चुलतभाऊ चौथीत शाळा सोडून क्लीनर झाला. उस्तादाने रात्री मोकळ्या रस्त्यावर त्याला उत्तम गाडी शिकवली, पण परवान्याच्या अर्जापाशी तो अडला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती अट काढली. एक ओळ पुसली गेली आणि हजारो हातांना वाट मिळाली. अशा आणखी ओळी पुसायला हव्यात.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे: मोबाइलवर वेळेची मर्यादा जरूर घाला, पण पोरगं काय चालवतंय ते शेजारी बसून बघा, त्याला विचारा. आणि शासनाला मागणं आहे: डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये आणि मोठ्या आश्रमशाळांत क्रेन, पोकलेन, अवजड वाहनांचे प्रशिक्षण सिम्युलेटर बसवा, त्यावर शिकणाऱ्याला परवान्यापर्यंत नेणारा अभ्यासक्रम द्या, आणि त्यात मुलींच्या जागा राखा. ज्या प्रकल्पाने जमीन घेतली, त्याने त्या गावातले चालक आधी घडवावेत. १९४५ मध्ये आमच्या लोकांनी गवत कापण्याचा वाजवी दर मागितला होता. त्यांच्या पणतवंडांची मागणी यंत्राच्या केबिनमधल्या जागेची आहे, आणि तयारी त्यांनी केव्हाच सुरू केली आहे.