निर्दोष नायिकेची अट

‘कणखर नायिका’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर न रडणारी, न चुकणारी बाई येते. मराठी साहित्याचा इतिहास वेगळं सांगतो. इथली नायिका कणखर होत गेली, ती तिला चुकण्याची मुभा मिळत गेली तसतशी. कशी ते पाहू.

सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करू. १८९० च्या सुमारास ‘पण लक्षात कोण घेतो’ मधली यमू वाचकांसमोर आली. ती स्वतःची कहाणी स्वतः सांगते. शिकण्याची ओढ, नवऱ्याशी जुळलेलं मन, मग वैधव्य आणि बळजबरीनं केलेलं केशवपन. यमूमध्ये मोठा दोष शोधून सापडत नाही. तो काळ संमतिवयाच्या वादाचा. तिचं पाऊल जरा वाकडं पडलं असतं, तर ‘बघा, हिचंच चुकलं’ म्हणून जुन्या मताच्या वाचकानं पुस्तक मिटलं असतं. कणव मिळवायची तर यमू निष्कलंक असणं भागच होतं.

चाळीसेक वर्षांनी चित्र बदललं. श्री. व्यं. केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) मधली कालिंदी घर सोडते, लग्नावाचून एका पुरुषाबरोबर राहते, तिला मूल होतं आणि तो तिला टाकून जातो. निर्णय तिचा, फसगतही तिचीच. पण केतकर तिला विहिरीकडे धाडत नाहीत. तिला पुढचं आयुष्य देतात. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे होत्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या मुली शिकलेल्या, मिळवत्या. तरी एकाकी, प्रेमाला आसुसलेल्या, आईबापांचा संसार ओढताना आतून चिडलेल्या. केवढी खळबळ उडाली! मिळवत्या बाईनं मनातलं दुबळेपण उघड बोलावं, हेच लोकांना सोसेना.

आणि मग १९६७. ‘रंगायन’नं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणलं. सुलभा देशपांडे बेणारे झाल्या. लीला बेणारे शिक्षिका, स्वतःच्या पायांवर उभी, आणि जिभेनं फटकळ. सोबत्यांच्या अपयशावर ती नेमकं बोट ठेवते. गंमत म्हणून मांडलेला खोटा खटला तिच्या पोटातल्या मुलापर्यंत पोचतो, तेव्हा तेच सोबती सगळं वसूल करतात. ज्यांच्यापुढे तिनं लग्नासाठी पदर पसरला, ते साक्षीदार होतात. प्राध्यापक दामले मात्र रंगमंचावर येतच नाहीत. शेवटी बेणारे मन मोकळं करते, तेव्हा बाकीचे थिजलेले असतात. तिचं बोलणं ऐकतो फक्त प्रेक्षक.

आता तत्त्वज्ञानातला एक साधा प्रश्न विचारू. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या निर्दोषपणावर अवलंबून असते का? यमूवर अन्याय झाला हे पटायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. बेणारे आपल्याला अवघड जाते. ती टोचून बोलते, विवाहित माणसावर प्रेम करते, घाबरून कुणाच्याही दारात जाते. हे सगळं मान्य करूनही तिच्यावर अन्याय झाला, असं आपल्याला म्हणता आलं पाहिजे. दया निर्दोष माणसाला मिळते. न्याय मात्र दोषांसकट मिळावा लागतो.

आजही एखादी बाई तक्रार घेऊन पुढे आली, की आपण आधी तिचा स्वभाव तपासतो, तिच्या जुन्या गोष्टी उकरतो. म्हणजे त्या खोट्या कोर्टातल्या खुर्च्या अजून रिकाम्या झालेल्या नाहीत. त्यांवर आपणच तर बसलेलो नाही ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.