रक्त पातळ करणारी गोळी आणि दाढ

"दाढ काढायची होती, म्हणून चार दिवस आधीच गोळी बंद केली, डॉक्टर." असं तुम्हीही केलंय का? या सवयीला इतिहास आहे.

वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारण्यासाठी. माणसांना ते १९५४ पासून देऊ लागले. अशा औषधावर असलेल्या माणसाची दाढ काढायची तर आधी गोळी थांबवा, असं डॉक्टरांना वाटणं स्वाभाविक होतं. आम्हीही तेच सांगायचो.

१९८९ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ३९ रुग्णांची गोळी चालूच ठेवून तोंडातली शस्त्रक्रिया केली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गुळण्या केलेल्या १९ पैकी एकालाच नंतर रक्तस्राव झाला. साध्या गुळण्या केलेल्या २० पैकी आठांना. (हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीच्या संशोधनातून आलं.)

१९९८ मध्ये जुन्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. गोळी चालू असलेल्या ९५० हून अधिक रुग्णांपैकी फक्त १२ जणांना टाके, दाब यांसारख्या स्थानिक उपायांपलीकडे काही लागलं. गोळी थांबवलेल्या ५२६ पैकी पाच जणांना गुठळीचा गंभीर त्रास झाला, चौघे दगावले. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, मेंदूतली गुठळी नाही.

म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. वॉरफरिन असेल तर आधी आयएनआर तपासा; नव्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारा. घरी रक्त झिरपलं तर ओला गॉज वीस-तीस मिनिटं घट्ट चावून धरा, सारखं उघडून पाहू नका. तरीही थांबलं नाही, तर लगेच दवाखाना गाठा.